पुतळाबाई नाही म्हणायला शिकल्या

पुतळाबाई भोईर यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. बदलापुरात हेंद्रेपाड्याला त्यांचं घर. सकाळी अंबरनाथला कामावर जायला निघाल्या की गल्लीच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या पिशवीत दोन-तीन शेजाऱ्यांची कामं येऊन पडलेली असत. कुणाचं घड्याळ दुरुस्तीला टाकायचं, कुणाच्या सुनेसाठी उल्हासनगरहून फॉलचं कापड आणायचं. "आणते हं," एवढंच त्यांच्या तोंडून निघे. नवरा जनू टेम्पो चालवायचा. तो हे सगळं बघून नुसता हसायचा. सासूबाई, ठमाबाई, मात्र कपाळाला हात लावायच्या. त्या बाजारात जांभळं, करवंदं आणि सुकी मासळी विकायला बसत, आणि गिऱ्हाइकाला 'नाय' म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दहावीनंतर पुतळाबाई उल्हासनगरच्या एका क्लासात इंग्रजी टायपिंग शिकल्या होत्या. ब्याऐंशी साली अंबरनाथच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. बोटं झरझर चालायची, चुका फारशा नसायच्या, आणि स्वभाव असा की मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या 'भोईरबाई' झाल्या. म्हणून नव्वद साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो कुणाच्या हाती द्यायचा यावर फार चर्चा झाली नाही.

कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली झाली. काचेचा दरवाजा, खाली गालिचा, भिंतीत एसी, आणि चपला बाहेर काढायच्या. नारळ फोडून झाल्यावर मॅनेजर कानविंदे साहेबांनी खोलीची किल्ली पुतळाबाईंच्या हातात ठेवली.

"भोईरबाई, ही खोली तुमच्या ताब्यात. इथे फक्त कंपनीचं काम. बाकी काही नाही."

"हो साहेब," पुतळाबाई म्हणाल्या.

पंचाईत अशी की साहेबांना त्या जशा मनापासून 'हो' म्हणाल्या, तशाच नंतर येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत गेल्या. आधी डिस्पॅचचा शंकर आला. त्याच्या भावाचा बायोडेटा टाइप करून हवा होता. मग गणपती मंडळाच्या पावत्या आल्या. मग कुणीतरी एका फ्लॉपीत विटा फोडायचा गेम घेऊन आलं आणि जेवणाच्या सुट्टीत दारासमोर चपलांचा ढीग पडू लागला. प्रिंटरचा तो कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद सगळ्यांना फार आवडे. त्यावर मोठाल्या अक्षरांत नावं छापून लोक मुलांच्या वाढदिवसाला घरात भिंतभर लावत. खुद्द कानविंदे साहेबांच्या मुलाचा शाळेचा प्रकल्पही त्याच प्रिंटरवर छापून गेला होता.

बाहेरचे लोकही यात मागे नव्हते. मशीनची देखभाल करायला उल्हासनगरच्या कॅम्पातून हरगुन नावाचा मेकॅनिक यायचा. गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याच्या दुकानात दिवसातून कितीदा तरी लाइट जायची, आणि कारखान्यात जनरेटर होता. त्यामुळे आपल्या इतर गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्या तो खिशात घालून आणायचा आणि त्यांची बिलं, पत्रं इथेच छापून न्यायचा.

"भाभी, बस दो मिनिट. तुमचं मशीन पण तपासून होतंय ना," तो म्हणायचा.

"बसा ना, हरगुनभाई," असं म्हणून पुतळाबाई स्वतःची खुर्ची त्याला द्यायच्या आणि आपण उभ्या राहायच्या. संध्याकाळी पाय दुखायचे. घरी ठमाबाई बघायच्या.

"अगो, खुर्ची तुझी नं बसतंय दुसरा. तुला कोन पगार देतं, उभी र्‍हायाला?"

"आता माणूस दारात आला तर काय करू, आई?"

"आधी नाय बोलायचा. मंग बस म्हनायचा, पानी द्यायचा. तू उलटा करतंस. आधी पानी देतंस, मंग नाय बोलाला तुझा तोंडच उघडत नाय."

पुतळाबाई हसून विषय सोडून देत.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात दिनानाथ म्हात्रे पत्त्यांची यादी घेऊन त्यांच्याकडे आले. दिनानाथ कारखान्याचे स्टोअरकीपर, बदलापूरचेच, पुतळाबाईंच्या नात्यातले. त्यांच्या मुलीचं, सरस्वतीचं, लग्न ठरलं होतं. पत्रिका छापून आल्या होत्या, पण गोतावळा दांडगा. वांगणीपासून बारवीपर्यंत पाड्यापाड्यात माणसं.

"पुतळे, हातानं पत्ते लिहून बोटं मोडतील माझी. तुझ्या मशीनवर चिठ्ठ्या निघतात ना डीलर लोकांच्या? तशा काढून दे."

"देते की, दिनाभाऊ."

त्याच आठवड्यात कंपनीचंही एक मोठं टपाल जायचं होतं. पंपांचे भाव वाढले होते आणि राज्यभरच्या डीलरांना नवं पत्रक पाठवायचं होतं. म्हणजे पत्त्यांच्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे निघणार होते, एक डीलरांचा आणि एक म्हात्र्यांच्या पाहुण्यांचा. पाकिटं दोन्हींना सारखीच, कारण दिनानाथांनी ती स्टोअरमधूनच काढली होती.

पुतळाबाईंनी जेवणाच्या सुट्टीत छपाई सुरू केली. पहिला गठ्ठा निम्मा निघाला असेल नसेल तोच हरगुन आला. त्याला कुठल्याशा साडीवाल्याची बिलं तातडीने हवी होती. पुतळाबाई नेहमीप्रमाणे उठल्या, जरा पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेल्या. हरगुनने मधेच आपली बिलं छापली, मग मदत म्हणून राहिलेल्या चिठ्ठ्याही छापून टाकल्या, कागद फाडून दोन्ही गठ्ठे व्यवस्थित घडी घालून टेबलावर ठेवले. फक्त डीलरांचा जिथे पाहिजे तिथे पाहुण्यांचा ठेवला, आणि पाहुण्यांच्या जागी डीलरांचा. शंकर आला, दोन्ही गठ्ठे उचलून घेऊन गेला. तो रेडिओवर क्रिकेटची चर्चा ऐकत पत्रकांच्या आणि पत्रिकांच्या बंद पाकिटांवर चिठ्ठ्या डकवत बसला. पाकिटांच्या मागे कंपनीचा शिक्का मारला आणि सगळं टपालात टाकलं.

चार दिवसांनी भर दुपारी दिनानाथांच्या दारात तारवाला उभा राहिला. हातात एक सोडून तारांची चळत. त्या काळी तार म्हटली की कुणीतरी गेल्याचीच बातमी. दिनानाथांची आई बनूबाई ओटीवर भाताला ऊन देत होती. तिने तारा बघितल्या आणि सुपासकट खाली बसून गळाच काढला. आजूबाजूच्या बायका धावत आल्या, कोण गेलं ते कळायच्या आत त्याही रडू लागल्या. तारवाला बिचारा म्हणत होता, "अहो आजी, वाईट नाही, वाईट नाही," पण त्याचं ऐकतंय कोण. शेवटी सरस्वतीनेच एक तार फोडून वाचली. वधूवरांना शुभाशीर्वाद. पाठवणारा, कराडचा कुणी पंपवाला. दुसरी मालेगावची. तिसरी जालन्याची, आणि त्यात वर लिहिलं होतं, सहकुटुंब येत आहोत.

"जालन्यात आपला कोन र्‍हातं?" बनूबाईने डोळे पुसत विचारलं.

त्याच संध्याकाळी वांगणीकडून दिनानाथांचे चुलते हरिचंद्र म्हात्रे सायकल हाणत आले. वय झालेलं, पण राग तरणा. खिशातून त्यांनी एक पत्रक काढून दिनानाथांच्या पुढ्यात आपटलं.

"पोरीच्या लग्नाचा आवतन न्हाय, नं मला पंपाचे भाव कलवतंस? अर्ध्या, एक नं दोन घोड्याचा. कंचा घेव, तं सांग."

दिनानाथांनी पत्रक हातात घेतलं, पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते तसेच पुतळाबाईंच्या घरी गेले. पुतळाबाईंनी ते पाकीट बघितलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कंपनीच्या सगळ्या डीलरांना आपण म्हात्र्यांच्या लग्नाला बोलावलं, तेही कंपनीचा शिक्का मारून. नोकरी जाणार, यात त्यांना शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांना सांगायला गेल्या, तर साहेब आधीच फोनवर होते. पलीकडे जालन्याचे डीलर. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हो, हो... लग्न ना... हो, आमच्याच... या ना, जरूर या." त्यांनी फोन ठेवला आणि पुतळाबाईंकडे बघितलं. "भोईरबाई, आपण कुणाचं लग्न करतोय?"

पुतळाबाईंनी सगळं सांगितलं. हरगुनवर ढकललं नाही, शंकरवर ढकललं नाही. "खोली माझ्या ताब्यात होती, साहेब," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली.

कानविंदे साहेबांनी वर पंख्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यांना हलकासा धक्का बसला, दुसरा बसला, आणि पुतळाबाईंच्या लक्षात आलं की साहेब हसू दाबतायत.

"ही किल्ली उचला आधी," ते म्हणाले. "शिक्का मारून बोलावलंय, आता येऊ नका कसं सांगणार? उतरवायची सोय गेस्टहाउसला करू. आणि त्या म्हात्र्यांच्या खऱ्या पाहुण्यांचं काय?"

खऱ्या पाहुण्यांचं काम जनूने केलं. टेम्पोत दिनानाथांना आणि पुतळाबाईंना घालून तो पाड्यापाड्यातून हिंडला. जिथे जातील तिथे घरधनी आधी ते पंपांच्या भावाचं पत्रक काढून दाखवी. एका पाड्यावर तर चांगो नावाच्या शेतकऱ्याने ते जपून देवळीत ठेवलं होतं. विहिरीवर पंप बसवायचाच होता, म्हणाला, बरं झालं तुम्ही घरपोच भाव कळवलेत. पुतळाबाई प्रत्येक दारात "चूक माझी" म्हणायच्या, आणि प्रत्येक दारात त्यांना चहा मिळायचा. संध्याकाळी परतताना त्यांचा जीव पुष्कळ हलका झाला होता.

लग्न हेंद्रेपाड्याच्या मोकळ्या मैदानात झालं. डीलर खरंच आले, चांगले पंधरा-वीसजण. जनूने त्यांना स्टेशनवरून टेम्पोतून आणलं. स्वच्छ टोप्या, कडक इस्त्रीचे सदरे, हातात आहेराची पुडकी. मांडवात धवलारणी धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणत होत्या. कुठूनकुठून पाहुणे आलेत हे कळल्यावर त्यांनी धवळ्यात जालना, मालेगाव, कराड सगळं ओवून टाकलं, आणि ते ऐकून जालन्याचे डीलर लाजून लाल झाले. बनूबाईने त्यांना स्वतःच्या हाताने वाढलं. आदल्या दिवशीच्या हळदीचं मटण उरलं नव्हतं म्हणून तिला कोण वाईट वाटत होतं.

कानविंदे साहेबही पंक्तीला बसले होते. त्यांच्या शेजारी मालेगावचे डीलर. जेवता जेवता डीलर म्हणाले, "साहेब, पंप चांगला आहे तुमचा, पण आमच्या विहिरींना वाळू फार. वर्षाच्या आत सील जातं. तीनदा पत्र टाकलं, उत्तर नाही." साहेबांचा घास हातातच राहिला. पलीकडून आणखी दोघांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात ते सील बदललं गेलं. त्यामुळे मालकांपर्यंत पत्रिकांचं हे प्रकरण पोचलं तेव्हा त्याची धार बरीच बोथट झाली होती.

तरी साहेबांनी नियम केलेच. दोन पानं भरून, घट्ट कायदेशीर इंग्रजीत, कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर डकवले. आठवडाभरात त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला. पुतळाबाईंनी तो टॉवेल काढला, नियम दोनदा वाचले आणि साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे कुणी वाचत नाही. आणि यात सगळंच बंद केलंय. सगळं बंद केलं की लोक चोरून करतात. मी लिहू का आपल्या भाषेत?"

साहेबांनी परवानगी दिली. पुतळाबाई तीन दिवस घरी जाताना, भाकऱ्या थापताना, तेच डोक्यात घोळवत होत्या. मग त्यांनी लिहिलं ते एका पानात मावलं. आपलं काम शनिवारी जेवणाच्या सुट्टीत करा, कागद आपला आणा. बाहेरचा माणूस मशीनवर एकटा बसणार नाही, आपलं कुणीतरी शेजारी हवं. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत घालायची नाही. दुसऱ्याच्या नावाने मशीन उघडायचं नाही आणि परवलीचा शब्द ट्यूबलाइटवर लिहून ठेवायचा नाही. शेवटचं वाक्य त्यांनी बराच विचार करून घातलं होतं: इथे लोकांची नावं आणि पत्ते आहेत, ते त्यांनी आपल्याला पंपासाठी दिलेत, दुसऱ्या कशासाठी ते बाहेर जाणार नाहीत. साहेबांनी खाली शिक्षेची एक ओळ घाला म्हटलं. "ते तुम्ही तोंडी सांगा, साहेब," पुतळाबाई म्हणाल्या, आणि तोंडातून गेल्यावर त्यांना जाणवलं की आपण साहेबांना नाही म्हणालो.

पहिली खरी परीक्षा हरगुनची. तो खिशातून फ्लॉप्या काढत आत शिरला. पुतळाबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पाण्याचा ग्लास हाताशी होता, पण सासूबाईंचं आठवून त्यांनी तो उचलला नाही.

"हरगुनभाई, नाही. दुसऱ्यांचं काम आता इथे होणार नाही."

"अरे भाभी, एकच बिल."

"एकही नाही. बसा, पाणी घ्या."

हरगुनचं तोंड उतरलं. पाणी न पिताच तो निघून गेला, आणि पुतळाबाईंना दिवसभर काही सुचलं नाही. पुढच्या खेपेला तो आला तो पापडाची पिशवी घेऊन. म्हणाला, दुकानात जनरेटर घेतलाय, तुम्ही मला खर्चात पाडलंत. मग खुर्चीच्या शेजारी, स्टुलावर, निमूट बसून त्याने मशीन उघडलं. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फ्लॉपीची तपासणीही तोच करून देऊ लागला.

दुसरी परीक्षा जड होती. मालकांचे जावई मुंबईहून आले. त्यांनी पाणी गाळायच्या मशीनचा धंदा नव्याने काढला होता. गॉगल कपाळावर, हातात कोरी फ्लॉपी. बूट न काढता आत आले.

"डीलर्सचे सगळे पत्ते यात टाका. घरचाच मामला आहे."

पुतळाबाईंनी त्यांच्या बुटांकडे बघितलं, मग फ्लॉपीकडे.

"नाही साहेब, देता येणार नाही."

"तुम्हाला माहीत आहे मी कोण आहे?"

"माहीत आहे. लग्नाचे फोटो बघितलेत ना तुमचे, कॅलेंडरसारखे गोड आले होते. बसा, चहा सांगते. पत्ते मात्र नाही. ते त्या लोकांनी आम्हाला विश्वासाने दिलेत."

जावयांनी चहा घेतला नाही. ते थेट कानविंदे साहेबांकडे गेले. साहेबांनी खिडकीतून पुतळाबाईंकडे एक नजर टाकली आणि म्हणाले की ती खोली भोईरबाईंच्या ताब्यात आहे. गाडी धुरळा उडवत गेटबाहेर गेली. शंकर येऊन हळूच म्हणाला, "बाई, आता मात्र कठीण आहे तुमचं." पण पुतळाबाईंना भीती वाटत नव्हती, आणि याचंच त्यांना नवल वाटत होतं. अख्खं घर झाडून, सारवून, हात धुऊन बसावं तसं त्यांना वाटत होतं.

पुढल्या आठवड्यात मालक आले. म्हातारे गृहस्थ, स्वतः लेथवर काम करून वर आलेले. दारात थांबून त्यांनी चपला काढल्या, आत आले, भिंतीवरचा कागद चष्मा लावून सावकाश वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"आणि माझ्या जावयाला परत पाठवलंत."

"हो, पाठवलं."

मालकांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. "बरं केलंत. तो आधी माझ्याकडेच आला होता मागायला. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून मी त्याला इकडे पाठवून दिला." मग म्हणाले, "घरी काय वादळ झालंय ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. चहा आहे का?"

त्यानंतर कारखान्यात एक नवीनच रीत पडली. अवघड माणूस आला की त्याला पुतळाबाईंकडे धाडायचं. युनियनवाले धाडत, साहेब धाडत, मालकही धाडत. कुणाला मोफत कॅलेंडरं हवी असत, कुणाला कंपनीच्या टेलिफोनवरून ट्रंककॉल. पुतळाबाई त्यांना बसवून, नाही सांगून, वर चहा पाजून पाठवत. बहुतेक लोक नाराज न होता जात, आणि का कोण जाणे, काही जण नुसतेच गप्पा मारायला परत येत.

शहाण्णव साली कारखान्यात बरेच कॉम्प्युटर आले, एकमेकांना वायरींनी जोडलेले, आणि पुतळाबाईंच्या हाताखाली तीन माणसं आली. शनिवारची जेवणाची सुट्टी मात्र तशीच राहिली. घंटा झाली की घरून आणलेले कागद हातात घेऊन लोक रांग लावत. कुणाच्या पोरीचा निबंध, कुणाच्या भजनी मंडळाची सूचना, वॉचमनच्या गावच्या शाळेला अर्ज. एका टोकाला नवा इंजिनीअर मुलगी बघायला जायचं म्हणून बायोडेटा सुधारत बसे आणि मागचे चौघे त्याला उंची वाढवून लिही म्हणून सांगत. पुतळाबाई दाराशी खुर्ची टाकून बसत, स्वतःच्या खुर्चीवर, मांडीवर डबा उघडून. आत भाकरी, सुकटाची चटणी, कधी वालाचं बिरडं. प्रिंटरच्या करकरीत गप्पा नीट ऐकू येत नसत, म्हणून सगळे मोठ्याने बोलत. पुतळाबाई भाकरीचा तुकडा मोडत, रांगेकडे बघत आणि म्हणत, "चला, पुढचा कोण? या, बसा."